जपानच्या उपनगरात कपडे कुठे घ्यायचे? आधी ट्रेनचा नकाशा बघा

सध्या ज्याला बघावं तो जपानला निघालाय. येन स्वस्त झालाय, शंभर येनला साधारण पंचावन्न-साठ रुपये पडतात, त्यामुळे इन्स्टा उघडलं की कुणीतरी टोकियोतल्या शिबुयाच्या चौकात हात पसरून उभं असतंच. पण नोकरीसाठी किंवा नवऱ्याच्या नोकरीसाठी जे लोक तिकडे जातात ते काही शिबुयात राहत नाहीत, तिथलं भाडं ऐकूनच घाम फुटतो. ते राहतात काशिवा, ओमिया, माचिदा, ताचिकावा, फुनाबाशी असल्या गावांत, जी टोकियोच्या कडेकडेने आहेत आणि ज्यांची रील कुणी करत नाही.

त्यात बातम्या उलटसुलट. २०२४ च्या जानेवारीत शिमाने प्रांतातलं शेवटचं डिपार्टमेंट स्टोअर बंद झालं, जुलैत गिफूचं. यामागाता आणि तोकुशिमामधली २०२० मधेच गेली होती. म्हणजे चार अख्खे प्रांत असे की जिथे एकही जुन्या पद्धतीचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर उरलं नाही. आणि त्याच देशात सातशेच्या वर दुकानं असलेला मॉल पण आहे, आणि तोही उपनगरातच. मग नक्की चाललंय काय?

माझी मावसबहीण काशिवाला शिफ्ट होणार होती, तिने व्हॉट्सॲपवर विचारलं, "ताई, तिथे बरे कपडे मिळतात का गं, की दर वेळी टोकियोला पळायचं?" मी त्या भागात चार वर्षं काढलीत. तीन ओळींत उत्तर द्यायला बसले आणि हे एवढं झालं.

स्टेशनच्या डोक्यावर बाजार

जपानमधे कपड्यांचं दुकान कुठे असणार हे फॅशनवाले ठरवत नाहीत, लोक संध्याकाळी घरी कसे जातात त्यावरून ते ठरतं. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

सुरुवात ओसाकात झाली. हानक्यू रेल्वेचे कोबायाशी इचिझो नावाचे गृहस्थ होते, त्यांनी आधी रिकाम्या माळावर रूळ टाकले, मग रुळांच्या कडेच्या जमिनीवर घरं बांधून हप्त्यांवर विकली, म्हणजे रोज ट्रेनने जाणारे लोक त्यांनीच तयार केले, आणि १९२९ मधे उमेदा स्टेशनवर, जिथे हे सगळे उतरायचे तिथेच, मोठं डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. घर त्यांचं, तिकीट त्यांचं, साडी... म्हणजे किमोनो पण त्यांच्याकडचाच! पुढे टोकियोतल्या तोक्यू, ओदाक्यू, केइओ, तोबू या खाजगी रेल्वे कंपन्यांनी हाच कित्ता गिरवला.

समजा आपल्या मध्य रेल्वेने डोंबिवली स्टेशनच्या डोक्यावर सात मजली चकाचक इमारत बांधली, खाली भाजी आणि केक, वर पाच मजले कपडे-चपला-पर्स, सगळ्यात वर जेवायची हॉटेलं, आणि तुम्ही तिकिटाच्या गेटमधून बाहेर पडलात की सरळ दुकानातच. तर ते झालं एकीबिरू. 'एकी' म्हणजे स्टेशन, 'बिरू' म्हणजे बिल्डिंग. जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीचेच असे दोन ब्रँड आहेत. एक लुमिने, जे ओमिया, ताचिकावा, माचिदा, किता-सेंजू इथे दिसेल, आणि दुसरं आत्रे, जे किचिजोजी, कावासाकी, उरावा इथे.

आपल्याकडे स्टेशनबाहेरचे कपडे म्हटलं की शंभरला दोन टॉप आणि मागून धक्के. तिकडे उलटं, स्टेशनला चिकटून जे असतं ते चांगलं आणि त्यातल्या त्यात महाग. ऑफिसातून दमून आलेल्या बाईकडे ट्रेन बदलताना वीस मिनिटं असतात आणि खात्यात पगार असतो, ही इमारत त्या वीस मिनिटांसाठी बांधलेली असते. म्हणून तिथे 'किरेइमे' कपडे जास्त. म्हणजे नीटनेटके, ऑफिसला चालतील आणि शनिवारी मैत्रिणीला भेटायला पण चालतील असे. ढगळ पँट, फिकट निटेड टॉप, बेज या एकाच रंगाच्या अठरा छटा. चटक लाल शोधायला गेलात तर हात हलवत परत याल.

दुकानं सारखी का बदलतात?

हा प्रश्न मला पहिल्या वर्षीच पडला. एक दुकान आवडलं, पुढच्या मार्चमधे गेले तर तिथे दुसरंच काहीतरी.

यात दोन गोष्टी आहेत. बऱ्याच एकीबिरू आणि मॉलमधे भाडं विक्रीच्या टक्केवारीवर असतं, वर एक किमान रक्कम ठरलेली. म्हणजे मालकाला नुसता भाडेकरू नको असतो, खपणारा भाडेकरू हवा असतो. दुसरं म्हणजे जपानमधे पूर्वी भाडेकरूला हलवणं महाकठीण होतं, आपल्या पागडीच्या खोल्यांसारखंच. २००० मधे कायदा बदलला आणि ठराविक मुदतीचे करार करता येऊ लागले, मुदत संपली की नमस्कार. त्यामुळे वसंतात आणि शरदात फळ्या लावलेली दुकानं दिसतात आणि फळीवर नव्या ब्रँडचं नाव. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मंदी आहे. नसते, मालक पत्ते पिसत असतो.

काशिवा, जरा जवळून

टोकियोतल्या उएनो स्टेशनहून जोबान लाइनच्या रॅपिड ट्रेनने अर्ध्या तासात काशिवा येतं. चिबा प्रांतातलं सव्वाचार-साडेचार लाख वस्तीचं गाव. लोक कौतुकाने 'चिबाचं शिबुया' म्हणतात, शिबुयाचे लोक म्हणत नाहीत ते सोडा. पूर्वेकडून बाहेर पडलं की तुम्ही रस्त्यावर उतरतच नाही, पहिल्या मजल्याच्या उंचीवर एक भलामोठा पादचारी चौथरा आहे, खाली बस आणि टॅक्सी, वर माणसं. १९७३ चा आहे, देशातला असा पहिला म्हणतात. त्या चौथऱ्यावरून मारुई नावाच्या मोठ्या दुकानात सरळ शिरता येतं. स्टेशनला लागून ताकाशिमाया या डिपार्टमेंट स्टोअरचा स्टेशन मॉल आहे.

मारुईबद्दल एक सांगायलाच हवं. हे दुकान १९३१ मधे फर्निचर हप्त्याने विकणारं दुकान म्हणून सुरू झालं, पुढे त्याने तरुणांना क्रेडिट कार्ड दिलं, आणि १९८० च्या दशकात पगार कमी पण डिझायनर जॅकेट तर हवंच अशी पोरं मारुईचं लाल कार्ड घेऊन रांगेत उभी असायची. आपल्याकडे ईएमआयवर फोन घेतात ना, तसं तिकडे कोट. आजही काउंटरवर कार्ड काढणार का हे विचारल्याशिवाय सोडत नाहीत.

आता मागच्या गल्ल्यांत चला. स्टेशनच्या आग्नेयेला 'उराकाशी' म्हणून भाग आहे, म्हणजे मागचं काशिवा. इथे 'फुरुगी' मिळतं, म्हणजे वापरलेले जुने कपडे. जिना इतका अरुंद की एक माणूस उतरल्याशिवाय दुसरा चढू शकत नाही, वर खोलीभर अमेरिकन जीन्स, लष्करी जॅकेटं, आजोबांचे स्वेटर. भाडं स्टेशनपेक्षा कमी म्हणून हे धंदे इथे तग धरतात, आणि माझ्या मते खरी फॅशन असेल तर ती इथेच आहे, एकीबिरूत नाही. जुने कपडे म्हणजे उष्टं वगैरे वाटणाऱ्या सासूबाईंना मी तिथून घेतलेला लोकरी कोट दाखवला, कुठून घेतला ते मात्र अजून सांगितलेलं नाही.

मग मोठी दुकानं बंद का पडतायत?

काशिवाच्या स्टेशनसमोर सोगो नावाचं डिपार्टमेंट स्टोअर होतं, १९७३ चंच, वर फिरणारं रेस्टॉरंट. ते २०१६ च्या सप्टेंबरअखेर बंद झालं. त्याच वर्षी एप्रिलमधे गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे गाडीने जाणंच सोयीचं तिथे, सेव्हन पार्क आरिओ नावाचा प्रचंड मॉल उघडला. गंमत म्हणजे तेव्हा दोन्हीची मालक कंपनी एकच होती, सेव्हन अँड आय, आपल्याला माहीत असलेल्या सेव्हन-इलेव्हनची. एका हाताने शटर ओढलं आणि दुसऱ्या हाताने फीत कापली.

यामागे कायदा आहे. १९७३ मधे मोठ्या दुकानांवर बंधनं घालणारा कायदा झाला, हेतू हा की गल्लीतला छोटा दुकानदार मरू नये. त्यामुळे नवं मोठं दुकान काढायचं तर स्थानिक व्यापाऱ्यांशी वर्षानुवर्षं घासाघीस करावी लागायची. मग अमेरिकेने दबाव टाकला, आमच्या कंपन्यांना शिरू द्या म्हणून. १९९१ च्या डिसेंबरात इबाराकी प्रांतात टॉइज आर अस या खेळण्यांच्या अमेरिकन दुकानाची जपानमधली पहिली शाखा उघडली, आणि महिन्याभरात नारातल्या दुसऱ्या शाखेला खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश, थोरले, हजर! खेळण्यांच्या दुकानाला! २००० मधे तो जुना कायदाच गेला आणि शेतांच्या मधे मॉल उगवायला लागले. काशिवाच्याच हद्दीत २००५ ला त्सुकुबा एक्सप्रेस ही नवी रेल्वे आली आणि २००६ ला तिच्या स्टेशनजवळ लालापोर्ट मॉल. कोशिगायाचा एऑन लेकटाउन, तोच सातशे दुकानांवाला, २००८ चा. गावाचं मधलं हृदयच रिकामं होतंय हे दिसल्यावर सरकारने २००६ मधे पुन्हा नियम आवळले, दहा हजार चौरस मीटरच्या वरचं दुकान गावाबाहेर सहज काढता येणार नाही असे. पण तोवर घोडं गंगेत न्हालेलं होतं.

आणि डिपार्टमेंट स्टोअरची विक्री? देशभरातली मिळून १९९१ ला साधारण ९.७ लाख कोटी येन होती, २०२३ ला ५.४ च्या आसपास. लोक कपडे घालायचे थांबलेले नाहीत, दुसरीकडून घेतात इतकंच. कुठून, ते बघू.

हायवेच्या कडेची खरी राजधानी

टोकियोच्या भोवती सोळा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग वर्तुळासारखा फिरतो, योकोहामा, माचिदा, हाचिओजी, कावागोए, ओमियाची बाजू, काशिवा, चिबा असा. त्याच्या दोन्ही बाजूंना पुढे पार्किंग आणि मागे एकमजली डबा अशी दुकानं. रामेन, टायर, चष्मे, कपडे, परत रामेन.

आपल्याला युनिक्लो माहीत आहे ते २०२३ मधे मुंबईत आलं तेव्हापासून, मॉलमधलं, एसीतलं, जरा भाव खाणारं. त्याची कंपनी मूळची यामागुची प्रांतातली, पहिलं दुकान १९८४ ला हिरोशिमात, आणि वाढली ती असल्याच रस्त्याकडच्या डब्यांमधून. १९९८ ला टोकियोतल्या हाराजुकू या फॅशनच्या भागात दुकान काढलं आणि फ्लीसचे जॅकेट तुफान खपले तेव्हा कुठे टोकियोने मान वळवून पाहिलं.

आणि हे एकटं नाही हो. शिमामुरा ही कपड्यांच्या दुकानांची साखळी, मूळचं सायतामा प्रांतातल्या ओगावा या छोट्या गावातलं किमोनोच्या कापडाचं दुकान होतं. वर्कमन गुन्मातलं. हनीज फुकुशिमातल्या इवाकीचं. ग्लोबल वर्क, लोरीज फार्म हे जे ब्रँड प्रत्येक मॉलमधे दिसतात त्यांची कंपनी अदास्त्रिया १९५३ मधे मितोत एका पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानातून निघाली. इतकंच काय, ऑनलाइन कपड्यांचा राजा झोझोटाउन, त्याचं मुख्यालय पण टोकियोत नाही, चिबात. म्हणजे हाराजुकू फोटोसाठी, आणि देशाला कपडे घालणारे सगळे आडगावचे.

शिमामुरा मला सगळ्यात आवडायचं. तिथे एका दुकानात एका डिझाइनचे अगदी थोडे तुकडे ठेवतात, कारण छोट्या गावात शेजारणीचा आणि आपला ड्रेस एक निघाला तर पंचाईत. न खपलेला माल दुसऱ्या गावच्या शाखेत फिरवतात. एकदा मी एक निळा ट्युनिक हातात घेऊन विचार करत उभी होते, जरा फिरून येऊन घेऊ म्हणून परत टांगला, तर बाजूच्या आजीबाईंनी हँगर सरकवता सरकवता मान न वळवता सांगितलं, "हितोत्सु शिका नाई यो." एकच आहे हं. मी दोन रॅक फिरून परत आले तोवर तो आजीबाईंच्या बास्केटमधे होता. तुळशीबागेत मुरलेली बाई मी, पण हरले.

वर्कमनची गोष्ट वेगळीच. बांधकामावरच्या मजुरांसाठी हातमोजे, पावसाळी पँटी, घट्ट बूट विकणारं दुकान. बाइकवाले आणि डोंगर चढणारे तिथे गुपचूप जायचे कारण वॉटरप्रूफ जॅकेट मोठ्या ब्रँडच्या तुलनेत फारच स्वस्त. २०१८ च्या सप्टेंबरात त्यांनी ताचिकावातल्या लालापोर्टमधे 'वर्कमन प्लस' काढलं. माल तोच, नवीन काही शिवलं नाही, फक्त निवडून मांडला, पुतळ्यांवर चढवला, दिवे लावले. रांगा लागल्या. माल न बदलता गिऱ्हाईक बदललं, याहून सोपं मार्केटिंग मी तरी बघितलेलं नाही.

"पण सगळीकडे तेच ते, कंटाळा नाही येत?"

येतो. जपानमधे यावर शब्दच आहे, 'फास्टो फूदो'. फूदो म्हणजे एखाद्या जागेचं हवा-पाणी, स्वभाव, आणि त्यावर फास्ट फूडची कोटी. सगळ्या गावांचा हायवे एकसारखा दिसायला लागला त्याची ही तक्रार, आणि ती खरी आहे. तुम्हाला डोळे बांधून सोडलं तर हे सायतामा की चिबा हे पार्किंगवरून ओळखता येणार नाही. पण लहान मूल, बाबागाडी, सासू-सासरे घेऊन सात मजले चढउतार करण्यापेक्षा एकमजली डबा किती सोयीचा असतो हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. टीका करणारे बहुतेक एकटे ट्रेनने फिरत असावेत.

"ऑनलाइन घेऊन टाकायचं ना सरळ"

घेतातच. पण दुकान मेलं नाही याचं एक कारण दुकानातल्या मुलीच आहेत. त्या रोज दुकानातले कपडे घालून फोटो काढतात आणि ब्रँडच्या ॲपवर टाकतात, खाली स्वतःची उंची, १५६ सेंटिमीटर, एम साइज घातलीय. तुम्ही आपल्या उंचीची मुलगी शोधायची आणि तिच्यावर कसं दिसतंय ते बघून घ्यायचं. कित्येक कंपन्यांत त्या फोटोवरून झालेली विक्री त्या मुलीच्या नावावर मोजतात. म्हणजे दुकान हाच स्टुडिओ.

"आपल्याला तिथले कपडे होतात का?"

हा खरा प्रश्न. बायकांच्या कपड्यांना ७, ९, ११ असे नंबर असतात, ९ म्हणजे साधारण एम. कमरेत बसतं, खांद्यात आणि मांडीत अडतं, बाही मनगटाच्या वर संपते. 'फ्री साइज' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ सगळ्यांना होईल असा नाही, एकच साइज शिवलाय असा आहे. बुटांचे नंबर सरळ सेंटिमीटरमधे, आणि बायकांचा पाय २५ च्या वर असेल तर साध्या दुकानात निवड फारच थोडी.

म्हणून घालून बघाच. 'शिचाकु' म्हणायचं. ट्रायल रूमच्या बाहेर चपला काढायच्या, आत पाऊल सॉक्ससकट. आत एका डब्यात पातळ पांढऱ्या कापडाच्या पिशव्या असतात. पहिल्या वेळी मला वाटलं केसांना लावायची टोपी, मी ती कपाळापर्यंत ओढली आणि तशीच बाहेर आले आरशात बघायला. दुकानातली मुलगी हसली नाही, नुसती दोन्ही हातांनी स्वतःच्या चेहऱ्यावरून पडदा ओढल्यासारखं करून दाखवलं. ती पिशवी अख्ख्या तोंडावर घ्यायची, मग टॉप डोक्यातून घालायचा, म्हणजे लिपस्टिक-पावडर कपड्याला लागत नाही. घालताना दिसत काही नाही, आत धडपडायला होतं.

आणि पैसे दिल्यावर पिशवी लगेच हातात देत नाहीत. मुलगी ती घेऊन तुमच्याबरोबर दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत येते, तिथे देते आणि वाकते. पहिल्यांदा मला वाटलं माझ्यावर संशय आहे की काय.

"टॅक्स-फ्री मिळेल ना?"

फिरायला गेला असाल तर हो. एका दुकानात एका दिवसात टॅक्स सोडून किमान ५,००० येनची खरेदी, पासपोर्ट सोबत. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलतेय, आधी टॅक्ससकट पैसे भरायचे आणि देश सोडताना परत घ्यायचे. तिथे नोकरी करत असाल किंवा सहा महिन्यांच्या वर राहिला असाल तर विसरा, १० टक्के भरा. किमतीच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा दोन आकडे असतात, मोठ्या अक्षरातला टॅक्स सोडून, बारीक अक्षरातला टॅक्ससकट. बिल बारीकवालं येतं. सेल जानेवारीत आणि जुलैत, आणि लुमिनेमधे त्यांचं कार्ड असलेल्यांना वर्षातून ठराविक दिवस १० टक्के सूट, त्या दिवशी मात्र गर्दी आपल्या लोकलची आठवण करून देते.

तर मावसबहिणीला मी लिहिलं, ऑफिसचे कपडे स्टेशनवर, मुलाचे आणि घरचे हायवेच्या कडेला, स्वतःच्या हौसेचे उराकाशीत, आणि टोकियोला फक्त पाहुणे आले की. तिचं उत्तर आलं, "पण आमच्याकडे गाडी कुठेय?"

मागच्या आठवड्यात तिने सेकंडहँड सायकल घेतली, पुढे टोपली, मागे मुलाची सीट. परवा फोटो आला, शिमामुराच्या पार्किंगमधला. आठ-नऊ गाड्यांच्या मधे एक सायकल, आणि टोपलीतून बाहेर आलेली एका पिवळ्या स्वेटरची बाही.